मागून पुढे: ४×५ इंची लाकडी कॅमेरा घरी बांधताना

शीट फिल्मचा, म्हणजे रोलऐवजी एकेक सुटी फिल्म लावायचा, मोठा कॅमेरा घरी बांधायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लेन्स शोधायला निघतात. लेन्स मिळते, टेबलावर येऊन बसते आणि मग तिच्याभोवती खोकं कसं उभं करायचं याचा खल सुरू होतो. माझं सांगणं उलटं आहे. हा कॅमेरा मागून पुढे बांधायचा. आधी फिल्म होल्डर, म्हणजे फिल्म उजेडापासून झाकून ठेवणारी चपटी डबी, मग तो बसतो ती चौकट, मग दुधी काच, मग खोकं आणि सगळ्यात शेवटी लेन्स. कारण या कॅमेऱ्यात ज्याला माफी नाही असं माप एकच आहे आणि ते मागच्या बाजूला आहे. ज्या दुधी काचेवर आपण फोकस बघतो ती काच, आणि तिच्या जागी होल्डर घातल्यावर आतली फिल्म, ही दोन्ही लेन्सपासून अगदी एकाच अंतरावर आली पाहिजेत. बाकी खोकं चार मिलिमीटर लांब झालं, लाकूड दोन रंगांचं निघालं, पॉलिशला डाग राहिला, तरी फोटो येतो. हे माप हललं तर जगातली सगळ्यात महाग लेन्ससुद्धा तुम्हाला वाचवू शकत नाही.

मी धंद्याने पॅटर्नमेकर. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी त्या पार्टचा लाकडी नमुना लागतो, तो करण्याचं माझं काम. कुपवाडच्या एमआयडीसीत हेच करत आलो. लाकडात मिलिमीटरच्या आतलं माप कसं धरायचं आणि ते पावसाळ्यात कसं टिकवायचं, हे या धंद्यात हाताला लागतं. सांगली जिल्ह्यात अशी कामं नवी नाहीत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ओतकाम, टर्निंग, फिटिंग जाणणारी माणसं या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे इथे कॅमेरा बांधायला बसलेल्याला मोठी सोय आहे. जे आपल्याला येत नाही ते येणारा माणूस सायकलच्या अंतरावर भेटतो.

होल्डर आणि ते एक माप

४×५ चे होल्डर जुने घ्या, दोन-तीन तरी घ्या. घरी बनवू नका. दोन्ही बाजूंना एकेक शीट बसते, वर डार्क स्लाइड, म्हणजे उजेड अडवणारी पातळ फळी, सरकते, आणि ही मापं जगभर ठरलेली आहेत, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा होल्डर चालतो. घेताना डार्क स्लाइड पूर्ण ओढून उजेडाकडे धरा आणि तिला चीर नाही ना ते बघा. खालच्या टोकाची झडप उघडते तिथली कापडी पट्टी फाटलेली नको. स्लाइड आत जाते त्या फटीतली मखमल बोटाने दाबली की परत वर आली पाहिजे.

आता वर्नियर कॅलिपर घ्या. होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म घाला, स्लाइड काढा. होल्डरच्या कडांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि वर्नियरची खोली मोजायची मागची काडी पट्टीच्या वरून फिल्मला टेकेपर्यंत खाली सोडा. आलेल्या आकड्यातून पट्टीची जाडी वजा करा. होल्डरच्या कडेपासून आतल्या तळापर्यंत प्रमाण माप ५ मिमी आहे (इंचात ०.१९७, वर-खाली ०.००७). फिल्मची स्वतःची जाडी सुमारे ०.१८ मिमी. म्हणजे फिल्मचा पृष्ठभाग कडेपासून साधारण ४.८ मिमी आत येतो. चारही कोपऱ्यांत आणि मध्यात मोजा. काडी जोराने टेकवली तर फिल्म दबते आणि आकडा खोटा येतो. काडी टेकली की फिल्म किंचित थरथरते, तिथेच थांबायचं. सगळ्या होल्डरांचे आकडे लिहा आणि सरासरी काढा. ही सरासरी म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा पाया. एखादा होल्डर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा निघाला तर तो बाजूला ठेवा.

किती फरक चालतो? एफचा आकडा लेन्सच्या भोकाचा, आकडा मोठा तितकं भोक बारीक. एफ ५.६ ला, फिल्मवर ०.१ मिमीचा ठिपका स्पष्ट धरला, तर मागे-पुढे अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक मिळते. एफ २२ ला तीच दोन मिलिमीटरच्या वर जाते. म्हणून काही जण म्हणतात की लेन्सचं भोक बारीक करून वापरायचं आहे, मग इतकं कशाला मोजायचं. पण ही मोकळीक तुम्हाला फोटोसाठी लागणार आहे, समोरच्या माणसाचं नाक आणि कान दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून. ती सुतारकामात खर्च करून टाकू नका. मी ०.१ मिमीचं ध्येय धरतो. तेवढं हाताने जमतं.

दुधी काच

बाजारात मिळणारी खिडकीची दुधी काच फार भरड असते, तिच्यावर फोकस कळत नाही. ही काच घरी घासायची. फोटो फ्रेमवाल्याकडून २ मिमीची साधी काच दोन तुकड्यांत आणा, एक होल्डरच्या मापाचा आणि एक तळहाताएवढा. कडा आधी पाण्यात ऑइलस्टोनवर मारून घ्या, नाहीतर बोट कापतं आणि सुटलेली कपची घासताना मध्ये येऊन ओरखडा पाडते. मग कार्बोरंडम पावडर, आधी ४०० नंबर आणि नंतर ६००. टेबलावर ओला टॉवेल पसरून मोठी काच त्यावर ठेवा, चिमूटभर पावडर आणि चमचाभर पाणी घाला आणि छोट्या काचेने गोल गोल घासायला लागा. जोर लावू नका, काचेचं वजन पुरे.

सुरुवातीला कर्रर्र आवाज येतो. पावडरीचे दाणे फुटत जातात तसा तो मऊ होतो आणि काच काचेला ओढून धरायला लागते. तेव्हा पुसून नवी पावडर घ्या. मध्येच धुऊन, वाळवून उजेडात तिरकी बघा. जिथे अजून चकाकी दिसते तिथे घासणी पोचलेली नाही. हे डाग बहुधा कोपऱ्यांत राहतात. ४०० ने सगळा भाग सारखा झाला की काच, टॉवेल, हात सगळं स्वच्छ धुवा आणि मगच ६०० घ्या, कारण ४०० चा एक दाणा जरी राहिला तरी ६०० चं सगळं काम फुकट. शेवटी घासलेल्या बाजूवर कठीण पेन्सिलीने मध्यरेषा आणि तिहाई-तिहाईच्या रेषा आखा. चारही कोपरे थोडे छाटून घेतले तर पुढे कॅमेऱ्याला घड्यांचा भाता केलात तेव्हा तो मिटताना हवा बाहेर जाते.

घासलेली बाजू नेहमी लेन्सकडे. चित्र त्याच बाजूवर उमटतं, माप त्याच बाजूपासून धरायचं.

मागची चौकट

पहिल्या कॅमेऱ्याला स्प्रिंगची मागची बाजू करायची गरज नाही. मी नव्या माणसाला होल्डरच्याच लांबी-रुंदीची एक खोटी चौकट करायला सांगतो. तिच्यात दुधी काच बसवायची. फोकस करताना ही चौकट कॅमेऱ्याच्या मागे लावायची, झालं की काढून तिथेच खरा होल्डर लावायचा. दोन्ही एकाच सपाट बैठकीवर टेकतात, त्यामुळे जुळवायचं माप एकच राहतं. चौकटीच्या कडेपासून काचेच्या घासलेल्या बाजूपर्यंत तेवढंच अंतर, जेवढं होल्डरमध्ये फिल्मपर्यंत आलं होतं.

लाकूड जुनं घ्या. मिरजेत, सांगलीत पडलेल्या वाड्यांचं सागवान लाकडाच्या अड्ड्यावर मिळतं. दाराच्या चौकटीचं, कित्येक पावसाळे खाल्लेलं ते लाकूड आता हलत नाही. पुढच्या लेन्सच्या चौकटीला मी कधीकधी तून नावाचं लाकूड वापरतो. मिरजेचे कारागीर सतारीला आणि तानपुऱ्याला जे वापरतात तेच. हलकं असतं आणि पटाशीला गोड लागतं. प्लायवूड घेतलं तर चांगल्या प्रतीचं, सहा मिमीच्या खाली नको.

खोटी चौकट करताना काचेसाठीची पायरी मुद्दाम अर्धा मिलिमीटर जास्त खोल काढा. मग पायरीवर कागदाच्या पट्ट्या ठेवत काच वर आणा. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, त्यामुळे पट्ट्या मोजून ठेवता येतात. लाकूड खरवडून दशांश मिलिमीटर गाठायला जाऊ नका. पट्टी वाढवता येते, काढता येते, खरवडलेलं लाकूड परत येत नाही. काच चारी बाजूंना हलक्या पट्ट्यांनी अडकवा, फेविकॉलने कायमची चिकटवू नका. फुटली की बदलायची असते.

आता होल्डरची बैठक. होल्डरच्या तोंडावर, डार्क स्लाइड ज्या टोकातून ओढतो त्या टोकाजवळ, एक आडवी उभारलेली कड असते. कॅमेऱ्याच्या बैठकीत तिच्यासाठी खाच पाडा. ती कड खाचेत बसली की दोन कामं होतात. त्या बाजूने उजेड आत शिरत नाही, आणि स्लाइड ओढताना होल्डर सोबत निघून येत नाही. खोट्या चौकटीलाही तशीच कड लावा म्हणजे ती दर वेळी त्याच जागी बसेल. बाकी बैठक काचेच्या तुकड्यावर काचपेपर चिकटवून, त्यावर घासून सपाट करा. गुण्या तिरका धरून कर्णात उजेड बघा, मध्यभागी फट दिसली तर अजून घासा. होल्डर दाबून धरायला सायकलच्या ट्यूबचे दोन रुंद पट्टे पुरेसे आहेत, दोन्ही बाजूंच्या स्क्रूंना अडकवायचे. पितळी पट्टीच्या स्प्रिंगा पुढच्या कॅमेऱ्याला करा.

बैठकीची बाहेरची चौकट चौरस केलीत तर तीच मागची बाजू काढून आडवी-उभी फिरवता येते. एवढं मात्र पहिल्या कॅमेऱ्यातच करून टाका, कारण नंतर ते करायचं म्हणजे सगळं खोकं नव्याने.

खोकं की भाता

पहिला कॅमेरा पेटीत पेटी असा करा. मागची पेटी मोठी, पुढची तिच्यात सरकणारी. १५० मिमी फोकल लेंग्थची लेन्स ही ४×५ ची नेहमीची लेन्स. दूरच्या वस्तूला ती काचेपासून अंदाजे १५० मिमीवर येते. एक मीटरवरच्या माणसाला १७६ मिमी लागतात. म्हणजे पोर्ट्रेटपर्यंतचं सगळं काम जेमतेम तीन सेंटिमीटर सरकण्यात होतं. पेटी पाच सेंटिमीटर सरकेल अशी करा. दोन पेट्यांमधल्या फटीत काळी मखमल लावा. सांगलीत हरभट रोडवर कापडाच्या कुठल्याही दुकानात मिळते. तिचे केस सरकण्याच्या दिशेने झोपतील असं बघा. आतून काळा ब्लॅकबोर्ड पेंट मारा. साधा काळा ऑइलपेंट चकाकतो आणि उजेड फिल्मवर फेकतो.

खोकं झालं की बैठकीवर एक काळा पुठ्ठा घट्ट लावा, लेन्सचं भोक उघडं ठेवून मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, मग भोकही झाका आणि पूर्ण अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांना अंधार सवयीचा होईपर्यंत थांबून, सगळीकडून बघा. फट दिसली की खडूने खूण करा. पण खरी परीक्षा उन्हाची. होल्डरमध्ये फोटोपेपर घाला, लेन्स झाका, स्लाइड ओढा आणि कॅमेरा दहा मिनिटं दुपारच्या उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवा. तो पेपर डेव्हलप केल्यावर पांढरा स्वच्छ निघाला तर खोकं पास. काळा पट्टा आला तर तो कुठल्या कडेला आहे त्यावरून फट कुठे आहे ते कळतं.

भाता करावासा वाटणारच, कारण भात्याचा कॅमेरा मिटतो, प्रवासाला नेता येतो आणि लेन्स वर-खाली, तिरकी करता येते. इथे आपल्या भागाचा एक फायदा आहे. वाजवायच्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता दुरुस्त करणारी माणसं मिरजेत आहेत. पुठ्ठा, कापड आणि चामडं एकमेकांना कसं चिकटवायचं की ते हजार वेळा मिटून उघडलं तरी चिरत नाही, हे त्यांच्या हाताखाली थोडा वेळ बसलं तर कळतं. केरळात अलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी वागीश्वरी नावाचे लाकडी फील्ड कॅमेरे बनवले, तेही वाद्यदुरुस्तीच्या घरातूनच आले होते. एका स्टुडिओवाल्याने कॅमेऱ्याचा भाता दुरुस्तीला आणला आणि त्यातून पुढचं सगळं झालं. हार्मोनियमच्या भात्याच्या कोपऱ्यात चामड्याचे तुकडे जोडलेले असतात. कॅमेऱ्याचा भाता मात्र अखंड कापडाच्या नळीचा करतात आणि कोपऱ्यातल्या घड्या त्या कापडातच पडतात.

साधा चौकोनी भाता करताना बाहेर पातळ रेक्झिन किंवा बाइंडिंगचं कापड, आत काळं सुती कापड आणि दोन्हींच्या मध्ये ड्रॉइंग कार्डाच्या पट्ट्या. पट्टी १५ मिमी रुंद, दोन पट्ट्यांमध्ये दोन-तीन मिमी मोकळं, कोपऱ्याकडची टोकं पंचेचाळीस अंशांत छाटलेली. भाता पूर्ण ताणून वापरायचा नसतो, म्हणून ३०० मिमी लांबी हवी असेल तर सपाट कापड ३७५ मिमीचं धरा, म्हणजे प्रत्येक बाजूला एकवीस-बावीस पट्ट्या येतात. ३०० मिमी कशाला, तर १५० च्या लेन्सने वस्तू आहे त्याच आकाराची फिल्मवर घ्यायला तेवढी लांबी लागते. तेवढं ताणलं की एक्स्पोजर चौपट द्यायचं. लांबी भागिले फोकल लेंग्थ, त्याचा वर्ग. आधी हे सगळं ड्रॉइंग पेपरवर करून मिटून बघा. कोपऱ्यात घडी कुठल्या बाजूला पडायची आहे ते तो कागद दाखवतो, मग कापड कापा. चिकटवल्यावर कोरडं व्हायच्या आत घड्या बोटांनी पाडून घ्या आणि भाता मिटवून रात्रभर वजनाखाली ठेवा.

लेन्स

शटरसकट १५० मिमीची जुनी लेन्स मिळाली तर उत्तम. बहुतेक अशा लेन्स कोपल शून्य शटरमध्ये असतात (कोपल हे शटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव, शून्य हा आकार) आणि त्यांना ३४.६ मिमीचं भोक लागतं. कपाटाच्या आतल्या बिजागरीसाठी सुतार जे ३५ मिमीचं बिट वापरतात, त्याने ते सरळ पडतं. कोपल एकला ४१.६ आणि कोपल तीनला ६५ मिमी, ती भोकं टर्नरकडून लेथवर करून घ्या.

तेवढा खर्च नको असेल तर भंगारवाल्याकडे जुनं, आरशांचं झेरॉक्स मशीन शोधा. त्यातली लेन्स बहुधा दोनशे मिमीच्या आसपास असते आणि ४×५ ला सहज पुरते. ती कागदाची तितक्याच आकाराची नक्कल करायला बनवलेली असते, तरी बारीक भोकावर दूरचं दृश्यही छान देते. फोकल लेंग्थ काढायला ती खिडकीसमोर धरा आणि समोरच्या भिंतीवर लांबचं झाड उमटवा. लेन्सच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे तिची फोकल लेंग्थ. तिला डायफ्रॅम, म्हणजे भोक लहान-मोठं करायची सोय, नसते. बॅरल मधून उघडत असेल तर आत काळ्या कार्डाच्या गोल चकत्या बसवा, नाही तर पुढे लावा. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा की भोकाचा व्यास मिळतो. २१० मिमीच्या लेन्सला एफ १६ म्हणजे १३ मिमी, एफ २२ म्हणजे साडेनऊ, एफ ३२ म्हणजे साडेसहा. एकोणिसाव्या शतकात वॉटरहाउसने अशाच चकत्या वापरात आणल्या, अजूनही त्यांना त्याचंच नाव आहे.

आणि सगळ्यात स्वस्त वाट चष्म्याच्या दुकानात आहे. अधिक ५ नंबरची, न कापलेली काच मागा. १००० भागिले ५, म्हणजे २०० मिमी फोकल लेंग्थ. खोलगट बाजू समोरच्या दृश्याकडे ठेवा आणि तिच्या पुढे थोड्या अंतरावर चकती लावा. एफ १६ च्या पुढे मधला भाग पुरेसा स्पष्ट येतो, कडा मऊ राहतात. पोर्ट्रेटसाठी मला हा मऊपणा फार आवडतो. एक काळजी घ्यावी लागते. अशा एकेरी काचेत निळा उजेड पिवळ्यापेक्षा लेन्सच्या जवळ फोकस होतो. आपला डोळा पिवळ्याने फोकस करतो आणि फोटोपेपर निळा बघतो. म्हणून फोकस करताना लेन्सपुढे निळा जिलेटिन कागद धरा, नाहीतर फोकस झाल्यावर लेन्स आणि काच यांच्यातलं अंतर तीन-चार मिलिमीटरने कमी करा.

स्टँडला स्क्रू लागतो तो पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा. हार्डवेअरमध्ये पाव इंची व्हिटवर्थ नट-बोल्ट मागितलात तर तेही वीस आट्यांचंच असतं आणि बसतं. कॅमेऱ्याच्या बुडाला नट लाकडात नुसता ठोकू नका, पितळी पट्टीवर ब्रेझ करून पट्टी चार स्क्रूंनी पक्की करा.

फोकस बघायला डोक्यावर कापड लागतं. आतून काळं आणि बाहेरून पांढरं शिवून घ्या, नाहीतर एप्रिलच्या उन्हात कापडाखाली दोन मिनिटं उभं राहवत नाही.

पेपर, एक्स-रे फिल्म आणि पहिला फोटो

पहिले फोटो फोटोपेपरवर घ्या. तो लाल दिव्याखाली हाताळता येतो, डेव्हलप होताना डोळ्यांनी दिसतो, आणि त्याची गती इतकी कमी आहे की शटर नसलं तरी चालतं. गती (आयएसओ) ६ धरा. लख्ख उन्हात एफ १६ ला सेकंदाचा सहावा भाग लागतो, एफ ३२ ला चौपट म्हणजे सेकंदाच्या दोन-तृतीयांश. हे झाकणाने नीट जमत नाही. उघड्या सावलीत उजेड आठपट कमी, म्हणजे एफ ३२ ला पाच सेकंद. हे आरामात जमतं. हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर सकाळी सावली असते, तिथे पाच सेकंदांच्या फोटोत पायऱ्या स्पष्ट येतात आणि कृष्णा-वारणेचं पाणी एकजीव दिसतं. झाकण आधी लेन्सपासून अर्धा इंच दूर करा पण समोरच धरा, कॅमेरा स्थिर होऊ द्या, मग बाजूला घ्या. पेपरचा कॉन्ट्रास्ट कडक असतो, म्हणून उन्हाचे पट्टे असलेलं दृश्य टाळा आणि डेव्हलपर नेहमीपेक्षा पातळ करा.

मिरज हे दवाखान्यांचं गाव असल्यामुळे एक्स-रे फिल्म मिळणं इथे अवघड नाही. हिरवा उजेड टिपणारी फिल्म घ्या, ती गडद लाल दिव्याखाली कापता येते. ८×१० च्या शीटचे चार तुकडे होतात, पण होल्डरमध्ये बसायला ते पूर्ण ४×५ नकोत. ट्रिमर ९९ आणि १२४ मिमीवर लावा. या फिल्मला बहुधा दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटतं तो थर, असतं आणि ते ओलं असताना नखानेसुद्धा निघतं. म्हणून ट्रेच्या तळाशी सपाट काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट टाका. गती ५० ते १०० च्या मध्ये धरून चाचणी घ्या. उन्हात तिला शटर लागतंच.

लाल दिवा सुरक्षित आहे का ते आधी तपासा. पेपरवर एक नाणं ठेवा, दिव्याखाली पाच मिनिटं सोडा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या. डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि सांगलीच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याच्या किती तरी वर असतं. बर्फ ट्रेमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. बर्फाचं पाणी भरलेला स्टीलचा तांब्या ट्रेमध्ये उभा ठेवा.

होल्डर भरताना एक सवय लावून घ्या. डार्क स्लाइडच्या मुठीची पांढरी बाजू बाहेर म्हणजे आतली शीट कोरी, काळी बाजू बाहेर म्हणजे फोटो घेतलेला. फोटो झाल्यावर स्लाइड परत घालतानाच उलटवायची, नंतर करू म्हणून ठेवायचं नाही.

फोकसची शेवटची चाचणी

कॅमेरा पूर्ण झाला तरी तो बाहेर न्यायच्या आधी ही चाचणी करा. १५० ची लेन्स पूर्ण उघडी ठेवा. एका फळीवर वर्तमानपत्राच्या बारीक अक्षरांची सात कार्डं उभी करा, एकामागे एक, एकेक सेंटिमीटरवर, थोडी बाजूला सरकवून म्हणजे सगळी दिसतील. त्यांना एक ते सात आकडे घाला, एक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ. चौथं कार्ड लेन्सपासून एक मीटरवर ठेवा. दुधी काचेवर भिंग टेकवून चौथ्यावर फोकस करा, होल्डर लावा, फोटो घ्या. फोटो वाळल्यावर भिंगाखाली बघा, सगळ्यात स्पष्ट कार्ड कोणतं.

चौथंच असेल तर काम झालं. तिसरं स्पष्ट आलं तर फिल्म काचेपेक्षा लेन्सपासून दूर बसते आहे, म्हणून काच मागे, म्हणजे लेन्सपासून लांब सरकवायची. पाचवं आलं तर फिल्म जवळ आहे, काच पुढे घ्यायची. किती, तेही सांगता येतं. १५० च्या लेन्सला एक मीटरवरचा एक सेंटिमीटर म्हणजे मागच्या बाजूला ०.३ मिमी, म्हणजे झेरॉक्स कागदाच्या तीन पट्ट्या. काच घासलेल्या बाजूनेच पायरीवर टेकत असेल आणि पायरी लेन्सच्या बाजूला असेल, तर पट्ट्या वाढवल्या की काच मागे जाते, काढल्या की पुढे येते. पट्ट्या चारही बाजूंना सारख्या घाला. फोटोत डावीकडचं कार्ड एका आकड्यावर स्पष्ट आणि उजवीकडचं दुसऱ्यावर असेल, तर काच नाही, होल्डरची बैठक तिरकी आहे, तिथे पट्ट्या लावून उपयोग नाही, बैठक परत घासा.

जुळलं की पट्ट्या पायरीला चिकटवा आणि वर्नियरने चौकटीच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर चार कोपऱ्यांत परत मोजा. तो आकडा चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढे नवा होल्डर विकत घ्यायचा झाला की दुकानात वर्नियर घेऊन जा आणि या आकड्याशी ताडूनच पैसे द्या.